गोळी सुटते तेव्हा : नैराश्यावरील औषधे, आर्णी तालुका आणि उपचारांचा न आखलेला शेवट

विदर्भातील मानसिक आरोग्याविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत जे लिहिले-बोलले गेले, त्यातील बहुतांश विचार लोक उपचारांपर्यंत पोचतील कसे या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला, आणि यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास पाहता त्यात गैर काही नव्हते. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवनयात्रा संपवली आणि ती घटना महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या नोंदीचा आरंभबिंदू मानली जाऊ लागली. त्यानंतर २८ वर्षांनी, २० मार्च २०१४ रोजी, शेजारच्या आर्णी तालुक्यातील दाभडी या गावी नरेंद्र मोदी यांनी लोकसभेच्या प्रचारात शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' केली तेव्हा या तालुक्याचे नाव काही दिवस देशभर घेतले गेले. २०१५ साली राज्य शासनाने यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत 'बळीराजा चेतना अभियान' सुरू केले, त्याच सुमारास आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आखला गेला, आणि आशा सेविकांनी घरोघरी जाऊन खचलेली माणसे हेरावीत, त्यांना समुपदेशकाकडे व गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, अशी रचना उभी राहिली. या साऱ्या खटाटोपाची दिशा एकच होती : उपचाराबाहेर असलेल्या माणसाला उपचारात आणणे.

मात्र जो माणूस उपचारात आला, ज्याला नैराश्यावरील गोळी सुरू झाली आणि ज्याला तीन-चार महिन्यांत बरेही वाटू लागले, त्याच्या पुढच्या प्रवासाचा विचार या रचनेत फारसा दिसत नाही. ही गोळी किती काळ घ्यायची, ती थांबवण्याचा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घ्यायचा, थांबवताना शरीर कोणत्या तक्रारी करते आणि त्या तक्रारींना मूळ आजार परतला असे समजावे की नाही, हे प्रश्न महानगरांतील रुग्णालाही सुटलेले नाहीत. पण जिथे मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, तिथे ते अधिक टोकदार होतात. आर्णीसारख्या तालुक्यात गोळी थांबते ती बहुधा ठरवून नव्हे. पैसे संपतात, दुकानात ती कंपनी मिळत नाही, बस चुकते किंवा पेरणी तोंडावर येते म्हणून ती सुटते. थांबवणे आणि सुटणे यांतील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी आधी या औषधांचे काम थोडक्यात समजून घ्यावे लागेल. मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक दूतांमार्फत बोलतात आणि सेरोटोनिन हा त्यांपैकी एक दूत होय. संदेश पोचल्यावर हा दूत मूळ पेशीत परत ओढून घेणारी प्रथिने असतात, त्यांना वाहक प्रथिने म्हणता येईल. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम ही आज सर्वाधिक लिहून दिली जाणारी औषधे याच वाहकांना अडवतात, म्हणून त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून एसएसआरआय म्हटले जाते. वाहक अडले की पेशींमधल्या जागेत सेरोटोनिन अधिक काळ राहते. इथवर सारे पाठ्यपुस्तकी आहे, आणि नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता हे समीकरण त्यातून सिद्ध होत नाही, हेही आता बहुतेक संशोधक मान्य करतात. इथे महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. महिनोन्महिने अशी अवस्था राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो, संदेश झेलणाऱ्या ग्राहक-प्रथिनांची संख्या आणि संवेदनशीलता बदलतो, आणि औषध असणे हीच त्याची नेहमीची स्थिती होऊन बसते. मग औषध एकाएकी काढून घेतले तर ते काही दिवसांत शरीरातून निघून जाते, पण जुळवून घेतलेला मेंदू पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत महिने घेतो. या दोन वेगांतील तफावतीतून जो त्रास होतो त्याला विथड्रॉवलची लक्षणे म्हणतात.

तो त्रास कसा असतो याचे वर्णन जगभरच्या रुग्णांनी आश्चर्यकारक साम्याने केले आहे : चक्कर, मळमळ, घाम, रात्रीची झोप उडणे आणि लागलीच तर अतिशय स्पष्ट, विचित्र स्वप्ने पडणे, क्षुल्लक कारणावरून रडू कोसळणे किंवा संताप येणे, आणि मान वळवताना वा डोळे फिरवताना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे. यांतील शेवटचे लक्षण विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण नैराश्य कितीही तीव्र असले तरी डोक्यात असे झटके त्यामुळे बसत नाहीत. काहींना जागेवर बसवत नाही इतकी आतून अस्वस्थता येते, तिला अकॅथिसिया असे नाव आहे, आणि ती लक्षणांतील सर्वांत धोकादायक मानावी लागते, कारण त्या अवस्थेत माणसाच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ शकतात.

व्यसन आणि शारीरिक अवलंबित्व यांची सरमिसळ इथे टाळली पाहिजे. व्यसनात वस्तूची ओढ असते, मात्रा वाढवत नेण्याची गरज असते, नुकसान दिसत असूनही तिच्यामागे धावणे असते. नैराश्याच्या गोळीसाठी कोणी घरातले धान्य विकत नाही आणि एकाच्या जागी चार गोळ्या घेऊन कोणाला नशाही चढत नाही. अवलंबित्व म्हणजे शरीराने औषधाच्या उपस्थितीशी केलेले जुळवून घेणे, एवढेच, आणि ते रक्तदाबाच्या काही औषधांबाबत किंवा स्टेरॉइडबाबतही घडते. परंतु ज्या जिल्ह्यात गावोगावच्या स्त्रियांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तिथे एखादी वस्तू सोडल्यावर हात थरथरणे, घाम येणे, झोप उडणे यांचा परिचित अर्थ एकच असतो. त्यामुळे गोळी सोडल्यावर चार दिवसांनी चक्कर येऊ लागली की घरातले म्हणतात, गोळीची सवय लागली. आणि ही सवय म्हणजे दारूसारखीच काही तरी, असे मानून गोळी पुन्हा हातात घेऊ दिली जात नाही. डॉक्टरांनी 'या गोळीची सवय लागत नाही' असे आधी सांगितले असेल, तर विश्वासही जातो. व्यसनाच्या अर्थाने ते आश्वासन खरे असते, अवलंबित्वाच्या अर्थाने नसते, आणि रुग्णाला हा भेद कोणी उलगडून सांगितलेला नसतो.

वैद्यकशास्त्राला हे फार उशिरा कळले असेही नाही. स्वित्झर्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ रोलँड कून यांनी १९५७ साली इमिप्रॅमिन या औषधाचा नैराश्यावरील परिणाम प्रसिद्ध केला आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५९ मध्ये, हे औषध बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि नव्या पिढीची औषधे जुन्यांपेक्षा निर्धोक म्हणून जगभर पसरली. ओव्हरडोसच्या बाबतीत ती खरोखरच अधिक सुरक्षित होती. पुढे तक्रारी वाढल्या तेव्हा १९९६ च्या अखेरीस अमेरिकेतील फिनिक्स येथे तज्ज्ञांची एक बैठक भरली, तिचा खर्च फ्लुओक्सेटिन बनवणाऱ्या एली लिली कंपनीने उचलला होता, आणि तिथून 'डिसकंटिन्युएशन सिंड्रोम' हा सौम्य शब्दप्रयोग रूढ झाला. योगायोग म्हणावा तर असा की फ्लुओक्सेटिन शरीरात अनेक दिवस रेंगाळते, त्यामुळे ते सोडल्यावर त्रास तुलनेने कमी आणि उशिरा होतो, तर स्पर्धक कंपनीचे पॅरोक्सेटिन लवकर निघून जाते. म्हणजे या विषयाची चर्चा होण्यात बैठकीच्या यजमानांचा तोटा नव्हता.

ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांनी २००४ पासून हा त्रास सामान्यतः सौम्य असतो व आपोआप थांबतो अशी भूमिका घेतली होती आणि त्यासाठी साधारण एका आठवड्याची मुदतही पुढे सांगितली गेली. २०१९ साली जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्के रुग्णांना असा त्रास होतो असा निष्कर्ष काढला. त्यातील बरीच माहिती स्वेच्छेने भरलेल्या सर्वेक्षणांतून आली होती आणि त्रास झालेलाच माणूस सर्वेक्षण भरतो, हा आक्षेप रास्त होता. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने आपली भूमिका बदलली आणि काहींच्या बाबतीत लक्षणे तीव्र व दीर्घकाळ टिकणारी असू शकतात हे मान्य केले. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी ७९ अभ्यास आणि सुमारे २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून काढलेले आकडे अधिक संयत आहेत : खरे औषध थांबवणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना लक्षणे जाणवली, पण साखरेची गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना ती जाणवली, म्हणजे औषधाच्या माथी मारता येईल असा त्रास सहा-सात जणांमागे एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांमागे एकाला. हे आकडे दिलासादायक म्हणून मांडले गेले. त्यांत एक मेख आहे : यांतील बऱ्याच अभ्यासांत माणसांनी औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतलेले होते, आणि प्रत्यक्ष जीवनात पाच-सात वर्षे गोळी घेणाऱ्याचे शरीर त्यांच्यासारखे वागेल असे गृहीत धरायला आधार नाही. शिवाय ३५ जणांमागे एक हे प्रमाण कोट्यवधी गोळ्या खपणाऱ्या देशाला लावून पाहिले, तर ते लहान उरत नाही.

भारतात या प्रश्नाचे रूप युरोपपेक्षा वेगळे आहे, आणि ते वेगळेपण औषधांच्या दुकानात दिसते. इथे एस्सिटॅलोप्रॅम एकटे लिहिले जाते तितक्याच सहजतेने ते क्लोनॅझेपॅमबरोबर एकाच गोळीत घालून दिले जाते. क्लोनॅझेपॅम हे बेन्झोडायझेपिन गटातील औषध आहे, म्हणजे झोप आणणारे, घबराट तात्पुरती शमवणारे, आणि नियमित घेतल्यास काही आठवड्यांतच ज्याचे खरेखुरे अवलंबित्व निर्माण होते असे. एस्सिटॅलोप्रॅमचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर रुग्णाला झोप लागावी म्हणून हे दुसरे औषध थोडे दिवस द्यावे, हा विचार समजण्यासारखा आहे. पण दोन्ही एकाच गोळीत बांधली गेली की थोड्या दिवसांचे औषध दीर्घ मुदतीच्या औषधाच्या पाठीवर बसून वर्षभर चालत राहते आणि एकाची मात्रा तशीच ठेवून दुसऱ्याची कमी करणे अशक्य होते. अशी गोळी एका झटक्यात सुटली तर रुग्णावर दोन वेगळी विथड्रॉवल एकाच वेळी ओढवतात, आणि त्यांतील क्लोनॅझेपॅमचे इतके गंभीर असू शकते की फिट येण्याचा धोका असतो. आर्णीच्या मुख्य रस्त्यावर असो वा मुंबईच्या उपनगरात, 'टेन्शनची गोळी' किंवा 'झोपेची गोळी' या नावाने मागितल्या जाणाऱ्या गोळीत नेमके काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही.

असेच दुसरे मिश्रण फ्लुपेन्थिक्सॉल आणि मेलिट्रासेन यांचे. डेन्मार्कमधील कंपनीचे हे औषध खुद्द डेन्मार्कमध्ये विक्रीस नव्हते, भारतात मात्र अपचनापासून धडधडीपर्यंत नाना तक्रारींवर ते दिले जात होते. औषध नियंत्रण यंत्रणेच्या कारभारावर संसदेच्या स्थायी समितीने मे २०१२ मध्ये जो कठोर अहवाल दिला, त्यात या औषधाला मान्यता मिळालीच कशी असा प्रश्न विचारला गेला. जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने त्याची निर्मिती व विक्री थांबवली आणि पुढे तो आदेश न्यायालयात गेला. या इतिहासातून एवढे कळते की नैराश्याच्या औषधांचा मोठा भाग भारतात मानसोपचारतज्ज्ञाच्या हातून जातच नाही. तो कंबरदुखी, डोकेदुखी, जळजळ, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो, आणि एकदा मिळालेली चिठ्ठी दाखवून पुढे कित्येक महिने दुकानातूनच नूतनीकरण होत राहते. ही औषधे अनुसूची 'एच' मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत; पण एकच चिठ्ठी किती वेळा चालावी याचे उत्तर व्यवहारात दुकानदार आणि गिऱ्हाईक मिळून ठरवतात.

आर्णी हे अरुणावतीच्या काठचे तालुक्याचे गाव, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यासाठी ओळखले जाणारे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली पिके. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय यवतमाळला, सुमारे ४० किलोमीटरवर. सावळी सदोबा किंवा लोणबेहळ या बाजूंच्या खेड्यांतून निघणाऱ्याला आधी आर्णी आणि मग यवतमाळ असा प्रवास पडतो, आणि बाह्यरुग्ण विभागाची रांग धरली तर त्यात अख्खा दिवस आणि एक मजुरी जाते. महिन्याची गोळी संपण्याच्या आत हा दिवस काढणे ज्याला जमते त्याचाच उपचार अखंड राहतो. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा हा दिवस सर्वांचाच हरवला. त्यानंतर २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, त्या काळात लाल गाडीवर विसंबून असलेल्या खेड्यांतील माणसाला यवतमाळ पूर्वीइतके जवळ उरले नाही. संपाच्या बातम्यांत विद्यार्थी आणि प्रवासी होते. मध्येच तुटलेल्या औषधोपचारांची गणना कोणी केली नाही.

या तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे जी लंडन किंवा बर्लिनच्या अभ्यासांत येणारच नाही. २०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतमजूर-शेतकऱ्यांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसे दगावली, आणि आर्णी हा त्यातील बाधित तालुक्यांपैकी एक होता. फवाऱ्यातील अनेक कीटकनाशके ऑर्गनोफॉस्फेट गटातील, मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखी, असतात. शरीरात ॲसिटिलकोलिन नावाचा एक रासायनिक दूत आहे, आणि त्याचे काम संपल्यावर त्याचा नाश करणाऱ्या विकराला हे विष निकामी करते. त्यामुळे ॲसिटिलकोलिन साचते आणि मळमळ, घाम, पोटात पेटके, नाक-डोळे वाहणे, चक्कर, अस्वस्थता अशी लक्षणे दिसतात. आता दुसऱ्या बाजूने पाहता, ॲमिट्रिप्टिलिन हे जुन्या गटातील स्वस्त औषध, जे नैराश्यासाठी, आणि त्याहून अधिक वेळा डोकेदुखी व नसांच्या दुखण्यासाठी दिले जाते, ते याच ॲसिटिलकोलिनला दाबून ठेवते, म्हणूनच ते घेणाऱ्याचे तोंड कोरडे पडते. पुरेशा मात्रेत दीर्घकाळ घेतलेले हे औषध एकदम सुटले की दाबलेली यंत्रणा उसळी घेते आणि मळमळ, घाम, पोटदुखी, अस्वस्थता, निद्रानाश अशीच लक्षणे उमटतात. म्हणजे एकाच दूताच्या अतिरेकाकडे जाणाऱ्या या दोन वाटा आहेत. त्या एकाच माणसात, एकाच महिन्यात भेटणे अशक्य नाही, कारण फवारणीचा हंगाम हाच हातात पैसा नसण्याचा, म्हणून गोळी आणायची राहून जाण्याचाही काळ असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घामाघूम आणि मळमळत आलेल्या माणसाला 'काल फवारणी केली होती का' हे आता सगळीकडे विचारले जाते. 'रोजची कोणती गोळी गेल्या आठवड्यात बंद झाली' हा दुसरा प्रश्नही तितकाच विचारण्याजोगा आहे. पहिल्या शक्यतेत जीव जाण्याचा धोका तातडीचा असल्याने तिचा विचार आधी व्हावा, यात शंका नाही.

निदानाची अडचण इथेच थांबत नाही. नैराश्याच्या चाचणीसाठी जगभर आणि भारतातही पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरली जाते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. झोप, थकवा, भूक, एकाग्रता, अस्वस्थ हालचाल यांवरच त्यातील पाच प्रश्न आहेत, आणि गोळी सोडून दहा दिवस झालेला माणूस या पाचही प्रश्नांना विथड्रॉवलपायीच वरचे गुण देऊ शकतो. कागदावर त्याचे नैराश्य परतलेले दिसेल. मग दोहोंपैकी एक होते : गोळी पुन्हा, कधी वाढीव मात्रेत, सुरू होते आणि 'ही आता जन्माची' असे रुग्णाच्या मनात ठसते, किंवा गोळीने काहीच साधले नाही असे मानून उपचारच सोडला जातो. हा भेद ओळखण्याच्या खुणा वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. विथड्रॉवल बहुतेक औषधांच्या बाबतीत दोन-चार दिवसांत सुरू होते, तर आजार परतायला सहसा आठवडे-महिने जातात; विथड्रॉवलमध्ये चक्कर, मळमळ, डोक्यातील झटके अशी मूळ आजारात नसलेली शारीरिक लक्षणे असतात; आणि औषध परत सुरू केल्यास विथड्रॉवल एक-दोन दिवसांत ओसरते, नैराश्य इतक्या लवकर हटत नाही. या खुणा आशा सेविकेच्या प्रशिक्षणात अर्ध्या तासात शिकवता येतील. एक मात्र खरे की औषध थांबल्यावर आजार खरोखरच परततो असेही पुष्कळदा घडते. ब्रिटनमध्ये ४७८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अँटलर' चाचणीत, दीर्घकाळ औषध घेऊन बरे वाटणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांनी ते चालू ठेवले त्यांतील ३९ टक्क्यांचा, आणि ज्यांचे थांबवले त्यांतील ५६ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. गोळी चालू ठेवणे ही हमी नाही आणि थांबवणे हा आततायीपणा नाही, असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात; शिवाय त्या चाचणीत मात्रा सुमारे दोन महिन्यांतच शून्यावर आणली होती, त्यामुळे उलटलेल्या आजारात थोडे विथड्रॉवलही मोजले गेले असावे, ही शंका घेतली गेली आहे.

मग थांबवायचे कसे? मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'त मांडलेला विचार आता बराच मान्य झाला आहे. औषधाची मात्रा आणि अडलेल्या वाहक प्रथिनांचे प्रमाण यांचे नाते सरळ रेषेचे नसते. नेहमीच्या किमान मात्रेतच सुमारे ८० टक्के वाहक अडलेले असतात. मात्रा निम्मी केली तरी हे प्रमाण थोडेच घसरते, पण अगदी लहान मात्रेवरून शून्यावर येताना उरलेला सगळा परिणाम एकदम नाहीसा होतो. अरुणावतीच्या पात्रात उतरणाऱ्याला काठाजवळचे पाणी घोट्याएवढे लागावे आणि पुढच्याच पावलाला एकदम डोह लागावा, तसे हे आहे. वीसवरून दहा मिलिग्रॅमवर सहज आलेला माणूस पाचवरून शून्यावर येताना कोलमडतो तो मनाने दुबळा असतो म्हणून नव्हे. त्यामुळे कपात प्रत्येक टप्प्यावर आदल्या मात्रेच्या प्रमाणात, आणि शेवटी शेवटी अतिशय लहान असावी लागते. वर्षानुवर्षे औषध घेतलेल्याला यासाठी काही महिने लागू शकतात. नेदरलँड्समध्ये यासाठी रोजची थोडी थोडी घटत जाणारी मात्रा भरलेल्या पट्ट्या तयार करून मिळतात. भारतात एस्सिटॅलोप्रॅमची सर्वांत लहान प्रचलित गोळी पाच मिलिग्रॅमची. तिचे दोन तुकडे होतात, चार करताना चुरा होतो, आणि त्याखालची वाट डॉक्टर व औषध-दुकानदार यांनी मिळून शोधावी लागते.

यावर सर्रास सांगितला जाणारा तोडगा एक दिवसाआड गोळी घेण्याचा आहे, आणि तो सोपा असला तरी चुकीचा आहे. एस्सिटॅलोप्रॅमची शरीरातील पातळी साधारण ३० तासांत निम्मी होते, पॅरोक्सेटिनची त्याहून लवकर. एक दिवस सोडला की पातळी खाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर, असा झोका मेंदूला रोज खावा लागतो. फ्लुओक्सेटिनला मात्र हे चालून जाते, कारण ते आठवडाभर मागे रेंगाळते. हा तपशील क्लिष्ट आहे. तालुक्याच्या पातळीवर तो कोणीतरी जाणणारा असायला हवा, एवढाच त्याचा अर्थ.

औषधाच्या अखंड पुरवठ्याची जागा मात्र कायद्याने आधीच करून ठेवली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या अठराव्या कलमानुसार, अत्यावश्यक यादीतील मानसोपचाराची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्र आणि त्यावरील सर्व सरकारी संस्थांत सर्व काळ मोफत उपलब्ध असली पाहिजेत. महाराष्ट्रात सामुदायिक आरोग्य केंद्राचे काम ग्रामीण रुग्णालय करते, म्हणजे हा हक्क यवतमाळला नव्हे, आर्णीतच लागू होतो. 'सर्व काळ' हे शब्द तिथे महत्त्वाचे आहेत : मोफत मिळणारी गोळी दर तिसऱ्या महिन्यात संपलेली असेल, तर तिने रुग्णाचे जे होते ते विकतची गोळी न परवडण्यासारखेच होते. ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेल्या टेलि-मानस या १४४१६ क्रमांकाच्या सेवेवर मराठीत बोलता येते, आणि गोळी मध्येच सुटल्यास काय करावे हे विचारायला यवतमाळची बस लागत नाही, ही सोय लहान नाही.

गोळीखेरीज काय, या प्रश्नाचेही उत्तर मराठी मुलखाच्या आसपासच सापडते. गोव्यातील 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी, सहा ते आठ बैठकींचा 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम' राबवला. नैराश्यामुळे सुटलेली रोजची कामे, माणसे, सवयी टप्प्याटप्प्याने परत धरायला लावणे हा त्याचा गाभा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा गुण दिसला आणि तो वर्षभर टिकलाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत डॉ. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी चालवलेल्या 'विश्राम' प्रकल्पात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे यश मोठे आहे, आणि त्याचे मोजमापही सुरुवातीचेच आहे : किती जण आले. त्यातील ज्यांना औषध लागले, त्यांपैकी किती जणांचे ते नीट थांबले, हे मोजण्याची वेळ आता आली आहे. गोळी कमी करत असताना अशा बैठकींचा आधार असला तर आजार उलटण्याचे प्रमाण घटते, असे संशोधन अन्यत्र झालेले आहे; आर्णीत त्यासाठी वेगळी इमारत नको, आशा सेविकेच्या वहीत गोळी कधी सुरू झाली, किती मिलिग्रॅमची, आणि शेवटची कधी घेतली, हे तीन रकाने हवेत.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. मात्रा कमी करण्यास आयुष्यातील ताणाचा काळ निवडू नये, असे सर्वच डॉक्टर सांगतात, आणि शहरातील नोकरदाराला ते पाळता येते. आर्णीच्या कास्तकाराचे वर्ष मृगाच्या पेरणीने सुरू होते, तेव्हा पावसाची आणि बियाण्याची चिंता. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणी. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघून भाव पडलेले. नोव्हेंबरपासून कापसाची वेचणी आणि वेचणाऱ्या मजुरांची टंचाई. आणि ३१ मार्च ही पीककर्ज फेडण्याची तारीख. बरीच शोधाशोध करून एप्रिल-मे हे दोन महिने हाती लागतात, तेही लग्नसराईचे, आणि पाच-सात वर्षांची गोळी दोन महिन्यांत शून्यावर येत नाही. म्हणून कपात कोणत्याही महिन्यात सुरू केली तरी ती एखादा हंगाम ओलांडणारच हे गृहीत धरावे लागेल. पेरणी आणि फवारणीच्या आठवड्यांत मात्रा आहे तिथेच रोखून ठेवायची, क्लोनॅझेपॅम असेल तर त्याचे वेळापत्रक वेगळे आखायचे, आणि चक्कर येणाऱ्या माणसाने त्या दिवसांत पाठीवर फवारा घ्यायचा नाही, अशा सूचना कोणत्याही परदेशी पुस्तकात लिहिलेल्या नाहीत. त्या यवतमाळच्या मानसोपचार विभागाने आणि आर्णीच्या ग्रामीण रुग्णालयाने मिळून लिहायच्या आहेत.